फसलेले फोटो लगेच डिलीट करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त आपल्या पुरवणीत नवशिक्यांसाठी ज्या टिप्स आल्या होत्या त्या मी दोनदा वाचल्या. बऱ्याचशा पटल्या, पण त्यातली एक टीप अशी होती की खराब आलेले फोटो तिथल्या तिथे डिलीट करत जा, म्हणजे कार्डात जागा राहते आणि घरी गेल्यावर डोक्याला ताप होत नाही. ही टीप मला अजिबात पटली नाही म्हणून हे पत्र लिहायला बसलेय. मी साताऱ्यात राहते, बँकेतून रिटायर झालेय, अकरा वर्षं डिजिटल कॅमेरा वापरतेय, आणि फोटोग्राफीतलं मला आज जे काही कळतं त्यातलं निम्म्याहून जास्त मला चुकून तशाच राहून गेलेल्या सेटिंगनी शिकवलंय. ते फोटो मी जागेवरच उडवले असते तर मी अजून ऑटो मोडवरच असते.

बँकेत दिवसअखेर कॅश जुळली नाही तर आम्ही व्हाउचर फाडून टाकत नव्हतो. सगळी व्हाउचर पुन्हा काढून एकेक टिक करत बसायचो, फरक नेमका कुठे आहे ते सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. फोटोचं मला तसंच वाटतं. फसलेला फोटो म्हणजे न जुळलेलं व्हाउचर, आणि डिजिटल कॅमेऱ्यात तर त्या व्हाउचरवर सगळं छापलेलं असतं, शटर किती वेळ उघडं होतं, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक केवढं, आयएसओ म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवला, लेन्स किती मिलिमीटरवर, फ्लॅश उडाला का नाही, व्हाइट बॅलन्स म्हणजे उजेडाच्या रंगाचं सेटिंग कुठलं, वेळ कुठली. हे प्रत्येक फाइलच्या आतच लिहिलेलं असतं, त्याला एक्झिफ म्हणतात, १९९५ पासून ही पद्धत आहे. कॉम्प्युटरवर फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडले की सगळं समोर येतं, फोनमध्ये बहुतेक गॅलरीत फोटो वर सरकवला की दिसतं. पण फोटो डिलीट केला की तो पुरावाही गेला. (व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तरी ही माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. ग्रुपवर कुणाला आपला फोटो का बिघडला हे विचारायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.)

आता माझा एक अनुभव सविस्तर सांगते. तीन वर्षांपूर्वी माऊलींची पालखी लोणंदला मुक्कामाला होती तेव्हा मी आणि माझी नणंद दोन दिवसांसाठी गेलो होतो. रात्री एका दिंडीच्या राहुटीत भजन चाललं होतं, उजेड म्हणजे एक ट्यूबलाइट, ती पण लांब, म्हणून मी कॅमेरा शटरच्या मोडवर ठेवला (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा जुळवतो), शटर १/१५ सेकंद केलं, राहुटीच्या खांबाला टेकून हात स्थिर केला आणि फोटो काढले. चांगले आले. दुसऱ्या दिवशी तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब, तिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभे राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेने अश्व धावतात, पुढे स्वाराचा आणि मागे माऊलींचा, माऊलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. अश्व तुमच्या समोरून जातो ते दोनेक सेकंद, आणि तो गेला रे गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. तुम्ही फोटो काढलात तर काढलात, पुन्हा म्हणायची सोय नाही.

मी सगळं विसरले होते. शटर तसंच १/१५ वर. वर ढग भरून आलेले, आयएसओ ऑटोवर होता तो कॅमेऱ्याने १०० वर आणला, अ‍ॅपर्चर बारीक करत करत एफ १६ वर नेलं (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि उजेडाचा हिशोब बरोब्बर जुळवला. त्यामुळे मागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो ना काळा दिसला ना पांढराफटक, मला वाटलं झकास. घरी आल्यावर लॅपटॉपवर उघडले तर एकशेचाळीस फोटोंतले एकशेतीस तरी हललेले. चालणारे वारकरी म्हणजे नुसते पांढरे फराटे, पताका म्हणजे भगवा धूर. मी त्या रात्री रडले, खोटं कशाला सांगू. वर्षभर वाट बघितलेली होती.

पण त्यात रिंगणाचा एक फोटो होता. मधून अश्व गेलाय, पण अश्व असा दिसतच नाही, डावीकडून उजवीकडे ओढलेला एक लांब पट्टा, पायांच्या जागी फक्त धूळ. आणि त्याच्या पलीकडे ओळीत उभे असलेले एक आजोबा, हात जोडलेले, त्या क्षणी अजिबात न हललेले, त्यांच्या कपाळावरचा गोपीचंदनाचा टिळा आणि मधला बुक्क्याचा ठिपका इतका स्वच्छ की मोजून घ्यावा. शेजारच्या माणसाने मान वळवली असावी, त्याला चेहराच नाही. आजोबा तेवढे स्थिर आणि बाकी सगळं जग वाहतंय. मी १/१००० सेकंदावर काढला असता तर घोडा थांबला असता, धूळही हवेत थांबली असती आणि आजोबा शंभर माणसांतले एक झाले असते. शटर म्हणजे उजेड कमीजास्त करायचं बटण एवढंच मला तोवर माहीत होतं, त्या फोटोने मला दाखवलं की फोटोत कोण थांबणार आणि कोण पुढे जाणार हे शटर ठरवतं. क्लासमध्ये हे वाक्य मी ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं, पण ते कळलं त्या रात्री.

त्याच फोटोंनी आणखी एक गोष्ट दाखवली. सगळ्या फोटोंत आकाशात तीन काळपट ठिपके, आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी. आधी वाटलं पक्षी, मग वाटलं लेन्सवर काहीतरी. ते होते सेन्सरवरचे, म्हणजे लेन्समागे उजेड टिपणाऱ्या पट्टीवरचे, धूळकण. एरवी मी एफ ५.६, एफ ८ असे फोटो काढायचे त्यात ते दिसत नव्हते, अ‍ॅपर्चर एफ १६ इतकं बारीक झालं की धुळीची सावली सेन्सरवर टोकदार पडते आणि ठिपका उमटतो. म्हणजे शटर चुकलं म्हणून अ‍ॅपर्चर बारीक झालं, आणि अ‍ॅपर्चर बारीक झालं म्हणून कॅमेऱ्यात कधीपासून बसलेली घाण मला कळली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी पांढरी भिंत किंवा रिकामं आकाश एफ १६ वर काढून तपासते आणि गरज असेल तर रबरी पंपाने हवा मारते. तोंडाने फुंकर कुणी मारू नका, थुंकीचा बारीक तुषार आत बसला की मग सर्व्हिसिंगलाच द्यावा लागतो.

व्हाइट बॅलन्सचं असंच. भाच्याच्या लग्नात हॉलमध्ये पिवळे दिवे होते म्हणून मी सेटिंग बल्बच्या चिन्हावर केलं होतं, आणि ते तसंच घेऊन गणपतीला गुहागरकडे माहेरच्या गावी गेले. दुपारी काढलेले सगळे फोटो निळे. भाताची खाचरं निळी, जांभ्याची भिंत जांभळट, आईचा चेहरा तर आजारी माणसासारखा. फोटो जेपेग होते, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के करून दिलेले, नंतर रंग सुधारायचा प्रयत्न केला पण त्वचेचा रंग शेवटपर्यंत काही नीट आला नाही. बल्बचा उजेड साधारण ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), दुपारचं ऊन साडेपाच हजार, सावलीतला उजेड सात-आठ हजार, आकडा वाढतो तसा उजेड निळा होत जातो. बल्बवर ठेवलं की कॅमेरा धरून चालतो की समोरचं सगळं पिवळं आहे, आणि ते मारायला स्वतःहून निळा रंग ओततो. हे मला कळलं ते कसं, तर संध्याकाळी त्याच चुकीच्या सेटिंगवर मी घराचा एक फोटो काढला होता. बाहेर तिन्हीसांज, अंगण, माड, आकाश सगळं गडद निळं, आणि ओटीवरच्या एका बल्बचा उजेड मात्र अगदी जसाच्या तसा, तुळशीपुढची पणती तेवढी सोन्यासारखी. घराकडे परत येताना पोटात जे होतं ना, ते त्या फोटोत आलं. आता मी तिन्हीसांजेला मुद्दाम बल्बवर ठेवून काढते आणि दुपारी आठवणीने ते सेटिंग काढून टाकते, आणि सोबत रॉ फाइलही (कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेली मूळ फाइल) ठेवते, कारण रॉ असली की व्हाइट बॅलन्स नंतर हवा तसा बदलता येतो.

कासच्या पठारावर झालं ते मात्र निव्वळ नुकसान. आदल्या दिवशी महाबळेश्वरला धुकं होतं. धुकं पांढरं असतं पण कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडी छटेचं आहे असं धरून मोजतं म्हणून धुकं मळकट येतं, त्यासाठी मी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मोजल्यापेक्षा उजेड जास्त-कमी घ्यायचं सेटिंग, दीड स्टॉप वाढवलं होतं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). दुसऱ्या दिवशी कासला लख्ख ऊन पडलं, तेरडा, सीतेची आसवं, गेंद सगळं एकत्र फुललेलं, असं चित्र वर्षातून काही दिवसच मिळतं, आणि माझं ते अधिक दीड तसंच. तेरड्याचा गुलाबी रंग फिका झाला आणि गेंदाची पांढरी फुलं म्हणजे कागदाला भोकं पाडावीत तशी. काळा पडलेला भाग थोडाफार वर काढता येतो, पण पूर्ण जळलेल्या पांढऱ्यात काही माहितीच उरत नाही, त्यातून काय काढणार. तेव्हापासून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं-पांढरं किती आहे याचा आलेख, बघायची सवय लागली, आलेख उजव्या भिंतीला चिकटला की थांबायचं.

सगळ्या चुका सुंदर असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही, तसं कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. चूक फोटो बिघडवते, आणि काही क्षण परत येत नाहीत. माझ्या वडिलांच्या पंच्याहत्तरीला घरच्या घरी औक्षण होतं. कॅमेरा बॅगेतून काढताना लेन्सवरची ऑटो फोकसची पट्टी घासली जाऊन मॅन्युअलवर सरकली होती, माझ्या लक्षात आलं नाही, चष्मा बदलायचा झाला होता त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधूनही कळलं नाही. सव्वीस फोटो काढले. सगळ्यांत बाबांचा चेहरा धूसर आणि त्यांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट. बाबांना कॅलेंडरवर सगळं लिहून ठेवायची सवय, दूध किती घेतलं, गॅस कधी लावला, बोअरची मोटर कधी दुरुस्त केली. फोटो मोठा केला की चौकटीचौकटीत त्यांचं बारीक अक्षर वाचता येतं, ‘दूध २’, ‘गॅस लावला’. पुढच्या वर्षी बाबा गेले. ते अक्षर मिळालं हे खरं, पण त्याच्या बदल्यात चेहरा मिळाला असता तर मी आनंदाने दिलं असतं. हे फोटोही मी डिलीट केलेले नाहीत.

बाबांकडे पूर्वी अगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, एका रोलमध्ये बाराच फोटो, आणि प्रत्येक फोटो काढला की कॅलेंडरच्या त्या दिवशीच्या चौकटीत ते लिहायचे, ऊन, ढग, किती पावलांवरून. रोल धुवून आला की कॅलेंडर खाली काढून समोर ठेवायचे आणि कुठला का बिघडला ते बघायचे. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटायचं नाही. कॅमेरा आता ते काम आपणहून करतो आणि आपण फोटोबरोबर ते पुसून टाकतो, याचं मला वाईट वाटतं.

बाबांच्या त्या फोटोंनंतर मी एक रफ वही केली. फसलेला फोटो सापडला की त्यात तीन गोष्टी लिहायच्या, काय सेटिंग होतं, ते आधी कशासाठी ठेवलं होतं, आणि फोटोत काय झालं. मधली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे असं माझं मत झालंय, कारण सेटिंग आभाळातून पडत नाही, ते कालच्या प्रसंगासाठी बरोबरच होतं, फक्त प्रसंग बदलला आणि आपण बदललो नाही. वही भरत गेली तसं दिसलं की माझ्या जवळजवळ सगळ्या चुका रात्रीनंतरच्या सकाळी किंवा समारंभानंतरच्या पहिल्या बाहेरच्या दिवशी झाल्यात. म्हणून आता कॅमेरा बॅगेत ठेवण्याआधीच सगळं मूळ जागी आणते, सकाळवर ढकलत नाही. आणि कुठल्याही कार्यक्रमाचा पहिला फोटो मोठा करून बघते, निदान एक डोळा तरी स्पष्ट आहे का ते.

आणि चूक आवडली तर ती मुद्दाम पुन्हा करून बघावी, नाहीतर ती नुसती लॉटरी. पॅरिसमध्ये १९२९च्या सुमारास छायाचित्रकार ली मिलर डार्करूममध्ये काम करत असताना पायावरून काहीतरी गेलं म्हणून त्यांनी घाबरून दिवा लावला आणि धुवायला टाकलेल्या निगेटिव्हवर उजेड पडला, अशी आठवण त्यांनीच सांगितली आहे. त्या निगेटिव्हमध्ये आकृतीच्या कडेने एक वेगळीच रेघ उमटली. असा परिणाम एकोणिसाव्या शतकातही लोकांना माहीत होता, पण मिलर आणि त्यांच्याबरोबर काम करणारे छायाचित्रकार मॅन रे यांनी ती निगेटिव्ह फेकली नाहीत, किती वेळ उजेड द्यायचा हे परत परत करून बघितलं आणि ते तंत्र हाताखाली आणलं. मीही रिंगणाच्या फोटोनंतर बैलगाडा शर्यतीला १/३० सेकंदावर कॅमेरा बैलांबरोबर फिरवत फोटो काढायला लागले. पहिल्या दिवशी दोनशेत एकही धड नाही. चौथ्या शर्यतीत बैलाचा डोळा आणि शिंग स्पष्ट आणि मागची गर्दी सगळी वाहून गेलेली असा एक मिळाला. तो योगायोगाने आला नव्हता, त्याची मला किंमत जास्त आहे.

एक काळजी मात्र वाटते. माझी भाची मला म्हणते मावशी, फोन सगळं स्वतःच करतो, तू कशाला एवढा त्रास घेतेस. खरंच करतो, फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन ते जोडतो, अंधार उजळतो, थरथर काढतो. त्यामुळे तिच्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि फसलेला असा फार क्वचित, पण एखादा फोटो चांगला का आला हेही तिला सांगता येत नाही. मागच्या गणपतीत मी तिला फोन प्रो मोडवर टाकून शटर १/४ सेकंद करून दिलं आणि म्हटलं आरतीचे फोटो काढ, हात हलला तर हलू दे. पहिल्या फोटोत सगळे भुतासारखे. ती डिलीट करणार तेवढ्यात मी फोन काढून घेतला आणि मोठा करून दाखवला, निरांजनाच्या पाच वाती हवेत पाच कमानी काढून गेल्या होत्या, ओवाळणाऱ्या हाताचा अख्खा रस्ता तिथे होता. मग तिने स्वतःच विचारलं की १/८ केलं तर कमान अर्धी येईल का. त्या संध्याकाळी ती नैवेद्याला उशीर झाला तरी उठली नाही.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. आपल्या फोटो पानावर दर आठवड्याला वाचकांचे उत्तम फोटो येतात, त्याखाली फक्त नाव आणि गाव असतं. त्याखाली शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ एवढी एक ओळ छापाल का? जागा फार लागणार नाही आणि शिकणाऱ्याला त्याचा फार उपयोग आहे. आणि महिन्यातून एकदा तरी एक फसलेला फोटो छापा, त्याच्या सेटिंगसकट, आणि तो का फसला हे काढणाऱ्यानेच चार ओळींत लिहावं. स्पर्धा घेणाऱ्या कॉलेजांनाही माझं हेच सांगणं आहे, एक गट फसलेल्या फोटोंचा ठेवा आणि मार्क कारण ओळखण्याला द्या.

सुरुवात करायला माझा फोटो पाठवते आहे, बाबांच्या औक्षणाचा. ५५ मिलिमीटर, १/६० सेकंद, एफ ५.६, आयएसओ १६००, फोकस मॅन्युअल. छापताना कॅलेंडरचा भाग कापू नका ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा